सांगोल्याचे गणपतराव देशमुख मतदारसंघातील कोणत्या प्रश्नांना प्राधान्य देत असत?

पाण्याला. माणदेशातील सांगोला हा अवर्षणप्रवण तालुका असल्याने कृष्णेचे पाणी टेंभू व म्हैसाळ उपसा सिंचन योजनांतून तेथील शिवारापर्यंत पोहोचावे, यासाठी शेतकरी कामगार पक्षाच्या या आमदाराने विधानसभेत, तसेच स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह आटपाडीच्या पाणी परिषदांतून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्याच्या जोडीला रोजगार होता: दुष्काळात रोजगार हमीची कामे मिळावीत आणि गावातल्या तरुणांना तालुका सोडावा लागू नये म्हणून सहकारी सूतगिरणी. १९६२ पासून ते ११ वेळा निवडून आले, तेही पक्ष बहुतेक काळ विरोधी बाकांवर असताना. म्हणूनच, माझ्या मते, उमेदवाराला पारखताना आश्वासनांच्या संख्येपेक्षा एकाच प्रश्नामागचे हे सातत्य अधिक मोलाचे मानावे.