रिपोर्ट नॉर्मल, मग हात का उचलत नाही?

माझ्या मानसोपचाराच्या खोलीत एमआरआयची फिल्म खिडकीकडे धरून सासरे म्हणाले, "म्याडम, डोकं साफ हाये म्हन्ते डाक्टर. मंग हे नाटक करून रायली का?"

सून शेजारीच बसली होती, उजवा हात पदरात गुंडाळून. यवतमाळकडचं गाव, कापूस वेचायचे दिवस, आणि दीड महिना हात उचलत नव्हता. त्यात सासूने पाहिलेलं, झोपेत तिने त्याच हाताने लेकरावर गोधडी ओढली. घरच्यांना एवढा पुरावा पुरला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हात अचानक गेला तर आधी दवाखानाच गाठायचा, तो त्यांनी गाठला होता. पण एमआरआयमध्ये गाठ, सूज, रक्तस्राव दिसतो. मेंदू काम कसा करतो ते त्या फिल्मवर उमटत नाही. मी विचारलं, "बाबाजी, लाईन असून विहिरीवरची मोटर उचलत नाही, तेव्हा ती नाटक करते का?" ते गप्प झाले.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड मूळचा मज्जातंतूंचा डॉक्टर. इजा दिसत नसताना येणारा असा लुळेपणा शरीररचना जणू नाहीच असा वागतो, हे त्याने 1893 मध्येच लिहिलं. नसांच्या वाटेप्रमाणे नाही, आपण ज्याला 'हात' म्हणतो तेवढाच जातो. हिचाही बधिरपणा खांद्याशी रेघ ओढल्यासारखा थांबत होता. 1895 मध्ये त्याने अख्खं मन चेतापेशींच्या भाषेत मांडायला घेतलं, पण ते अर्धवट सोडलं. पुढे मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेलने समुद्री गोगलगाईवर दाखवलं की शिकण्याने चेतापेशींमधले जोड बदलतात. 2000 चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. म्हणून "बिघाड मेंदूत, तं बोलून का होते?" या प्रश्नाला माझं उत्तर ठाम असतं: बोलणंही मेंदूवरच काम करतं.

चौथ्या भेटीत ती खाली बघत म्हणाली, "फवारनीचं औषद मीच कालोलं होतं. याच हातानं." नवऱ्याला फवारताना विषबाधा झाली होती. तो दवाखान्यातून बरा होऊन आला, सगळ्यांनी त्याची विचारपूस केली. हिला कोणी काही विचारलंच नाही. मी अर्थ सांगत बसले नाही, तिला रडू दिलं. फिजिओथेरपी सोबत चालू ठेवली.

मागच्या भेटीत तिने पिशवीतून तुरीच्या शेंगा काढल्या. उजव्या हाताने. करंगळीत अजून जोर नाही. दोन शेंगा खाली पडल्या, त्या सासऱ्यांनी वाकून उचलल्या.