नवीन फिल्टरमध्ये चांगले बॅक्टेरिया कसे तयार करायचे?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की माशांच्या टँकचा फिल्टर 3 दिवस नुसता चालवला, मग 8 गप्पी मासे सोडले आणि आठवड्यात 5 गेले, पाणी मात्र एकदम नितळ. नितळ असणारच हो, माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया डोळ्याला दिसत नाही. आणि रिकामा फिल्टर 3 दिवस काय, महिनाभर फिरवला तरी उपयोग नाही, कारण त्या बॅक्टेरियाचं खाणंच अमोनिया आहे, ते मिळालं नाही तर ते वाढणार कशावर?

मी यावलकडचा, घरी केळी, त्यामुळे मला हे युरियावरूनच समजलं. बागेत युरिया टाकला की मातीत आधी त्याचा अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. तुमच्या फिल्टरच्या स्पंजमध्ये हाच उद्योग चालतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विष, नायट्रेट त्यामानाने बरं. गोची अशी की नायट्राइट खाणारे उशिरा येतात, लोक अमोनिया शून्य दिसला की खुशीत मासे सोडतात आणि मग नायट्राइटने मारतात. (युरिया आठवला म्हणून टँकमध्ये टाकायला जाऊ नका, त्याचा अमोनिया हळूहळू होतो, डोसचा अंदाजच येत नाही.)

मासे नसते तर रोज चिमूटभर फिश फूड टाकून सडू द्या म्हटलं असतं, 4 ते 6 आठवडे धरायचे. पण तुमचे 3 जिवंत आहेत, तर त्यांचीच घाण पुरे. दिवसाआड थोडंसंच खायला द्या, रोज पाव टँक पाणी बदला, नवीन मासा आणू नका. पाणी तपासायचं थेंबवालं टेस्ट किट घ्याच, पट्टीवालं नको. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर 0 आणि नायट्रेट चढतंय, मग समजा जमलं.

लवकर हवं असेल तर विरजण आणा. ओळखीत कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या स्पंजचा तुकडा टँकच्याच पाण्यात ओला ठेवून घरी आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये कोंबा, बरेच दिवस वाचतात. बाटलीतल्या बॅक्टेरियाचा मला तरी भरवसा नाही, काही चालतात काही नुसतं पाणी, त्याच्या जीवावर मासे सोडू नका.

पाणी नळाचं असेल तर क्लोरीन मारायचं औषध टाकूनच वापरा. बोअरचं असेल तर क्लोरीन नाही, आणि आपलं जड पाणी या बॅक्टेरियाला मानवतं, पण केळीच्या पट्ट्यात बोअरमध्ये आधीच नायट्रेट असू शकतं, म्हणून टँकच्या आधी बोअरचंच पाणी तपासा, नाहीतर चढलेला नायट्रेट बघून उगाच खूश व्हाल.

अजून एक, उन्हाळा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, आणि मासे नि बॅक्टेरिया दोघांनाही तो लागतो, म्हणून टँक पश्चिमेच्या भिंतीला नको आणि एअर पंप दिवसरात्र चालू. लाइट जाते तिथे बॅटरीवाला पंप ठेवा.

माझं पहिलं वर्ष तर स्पंज काळा दिसला की नळाखाली खसाखसा धुण्यात गेलं, अगदी पांढरा करायचो, म्हणजे बॅक्टेरियाच धुवून टाकायचो, आणि दरवेळी आठवड्याने एकदोन मॉली मासे मेलेले. आता टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळतो आणि तसाच मळका परत लावतो.