अपघातात पाय गेला, यात देवाचा काही हेतू असतो का?

तुम्ही विचारलंय की भावाचा पाय अपघातात गेला, घरचे म्हणतात देवाच्या मनात काहीतरी असेल, तर यात खरंच काही अर्थ असतो का. मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर (उभं राहायला आधार देणारा सांगाडा) आहे आणि घर माळकरी, त्यामुळे हे आयुष्यभर ऐकत आलोय. माझं स्पष्ट मत, पाय का गेला याचं उत्तर देवाकडे मागू नका. पोलिओ व्हायरसने होतो, अपघात गाडीने होतो.

आमच्या मामांकडे मात्र उत्तर तयार असायचं. मागच्या जन्माचं काहीतरी फेडायचं राहिलं असेल म्हणे, आणि हे आईसमोर. एकदा गावच्या सप्ताहात बुवांनी संत कूर्मदासांची कथा लावली, पैठणचे कूर्मदास, हातपाय नाहीत, पोटावर सरपटत पंढरीला निघाले, आणि मला पुढेच बसवलेलं, तर बुवा माझ्याकडे हात करून म्हणाले, बघा, नाहीतर तुम्ही धडधाकट असून वारी चुकवता! सगळा मंडप माझ्याकडे बघायला लागला. घरी आल्यावर मामा म्हणाले, तुझी श्रद्धा तेवढी असती तर पाय सुधारला असता.

अहो पण कथा पूर्ण ऐका ना. कूर्मदास पंढरपूरला पोचलेच नाहीत! माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत आले, एकादशी तोंडावर, पुढे सरकवेना, मग जाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला आणि विठ्ठल स्वतः तिथं आला. लऊळला त्यांचं मंदिर आहे. मी ऐकलेल्या कथेत विठ्ठल त्यांना हातपाय देत नाही आणि मागचा जन्मही काढत नाही, नुसता भेटायला येतो. माझा सगळा धर्म एवढ्यावर उभा आहे, जिथं मला पुढे जाता येत नाही तिथं तो येतो. नामस्मरण करताना मला हे खरं वाटतं, कॅलिपर काढून गादीवर बसलो की जास्तच.

आणि श्रद्धेचंच म्हणाल तर विदर्भातले गुलाबराव महाराज घ्या (१८८१ ते १९१५). तान्हेपणी दृष्टी गेली, दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचे, सांगून लिहवून घ्यायचे, शंभरावर ग्रंथ केले, स्वतःला ज्ञानेश्वरांची मुलगी मानायचे. दृष्टी काही परत आली नाही. मग काय, मामा, त्यांची श्रद्धा कमी पडली?

देवळात देव भेटतोच असं नाही हेही सांगतो. एका मोठ्या देवस्थानात मला दारात अडवलं, कॅलिपरला चामड्याचे पट्टे आहेत, काढून या म्हणे. ते काढलं तर मी उभाच राहू शकत नाही. बाहेरूनच कळसाला हात जोडले आणि आलो. रॅम्प, व्हीलचेअरची सोय यावर दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, नवसाआधी ट्रस्टींनी तो वाचावा.

अर्थात माझं लहानपणापासूनचं आहे, मला चालता येत होतं असं काही आठवतच नाही. तुमच्या भावाचं तसं नाही, त्याचं हातातलं गेलंय, तो देवावर चिडला असेल तर चिडू द्या, लगेच पोथी हातात देऊ नका. त्याला रोज वेदना असतील तर माझं हे सगळं फुकट आहे, आधी डॉक्टर आणि कृत्रिम पायाचं बघा. आणि घरातल्या कोणी मागचा जन्म काढला तर तिथंच थांबवा, वयाने कितीही मोठा असू दे, कारण ते बोलणं भावाच्या आधी आईला लागतं.