प्लास्टिक कमी करायचंय? आधी घरातलं कपाट उघडा

पहिली गोष्ट, नवीन काहीही विकत घेऊ नका. बहुतेक जण इथेच चुकतात: उत्साहात बांबूचे महागडे डबे मागवतात. घरातले स्टीलचे डबे आणि जॅम-मधाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या पुरतात.

सुरुवात पोळ्यांपासून करा. जुन्या सुती धोतराचे चौकोन कापा, धुवा आणि त्यात पोळ्या गुंडाळा. गरम पोळ्या लगेच डब्यात कोंडू नका. वाफेचं पाणी होऊन खालच्या पोळीचा लगदा होतो. (मी महिनाभर कणकेलाच दोष देत होते!) फडकं रोज धुवा, नाहीतर वास धरतं.

हे मात्र टाळाच:

- वर्तमानपत्रात भजी-वडे. शाईतली रसायनं तेलकट पदार्थात उतरतात. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांतही याला बंदी आहे.
- लोणचं, लिंबू पिळलेले पोहे असं आंबट काही अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये किंवा कल्हई नसलेल्या पितळेत. लोणच्याला चिनीमातीची बरणीच बरी.
- आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गरम आमटी. त्यात हवं तर बटणं ठेवा.

मेणकापड (अन्न झाकायचं मेण लावलेलं सुती कापड) वगैरे नंतर बघू. आधी महिनाभर पोळ्यांचं फडकं अंगवळणी पडू दे.