लहानपणी ऐकलेला रेकॉर्डचा तो मऊ आवाज परत मिळवायला कोणता अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा?

वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर आहे, लहानपणीचा मऊ, गोड आवाज परत हवाय, त्यासाठी व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा, जुन्या धर्तीचा) अ‍ॅम्प्लिफायर घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. बर्डीवरच्या दुकानात जायच्या आधी पिन आणि काट्रिज (पिन ज्यात बसते आणि तिच्या थरथरीची वीज करतो तो भाग) बघा.

नागपुरात चार हौशी जमले की हा वाद निघतोच आणि माझं म्हणणं ठरलेलं आहे: तो मऊपणा म्हणजे गाळला गेलेला आवाज. रेडिओच्या मिडियम वेव्हवर दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर, त्यामुळे साध्या रेडिओत साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं येतच नसे. घरगुती प्लेअरमध्ये क्रिस्टल नाहीतर सिरॅमिक काट्रिज, पिनेचा दाब ५-६ ग्रॅम. तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या किनारीवरचा 'ना' त्यातून अर्धाच यायचा. कान त्यावर घडले, म्हणून तो आवाज खरा ठरत नाही. एलपीवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचं सहज कोरलेलं असतं, ते ऐका.

क्रिस्टल काट्रिजमधलं रोशेल सॉल्ट साधारण ५५ अंशांला कामातून जातं, ओलही सोसत नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर नागपूरचा मे महिना काढलेलं काट्रिज मेलंय असंच धरून चला. सिरॅमिक असेल तर त्याला १ मेगाओमच्या आसपास लोड (पुढच्या यंत्राचा विद्युत रोध) लागतो. आजच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या ४७ किलोओमला जोडलं की खर्ज गळतो. मग लोक स्पीकरला दोष देतात.

मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे हलत्या चुंबकाचं आजचं नेहमीचं काट्रिज लावलं तर दाब बहुतेकांना दीड ते दोन ग्रॅम. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या आणि पिनेची उंची तबकडीइतकीच ठेवून मोजा. मग प्रोट्रॅक्टरवर (काट्रिजचा कोन तपासायच्या आखलेल्या पट्टीवर) मधल्या खुंटीपासून ६६ आणि १२१ मिलिमीटर, दोन्ही ठिकाणी काट्रिज सरळ आलं पाहिजे. इथे आळस केला की शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात, कारण बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला ५१ सेंटिमीटर धावते आणि आत लेबलजवळ २१ च. वेग तपासायला १८० रेघांची स्ट्रोब तबकडी जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली धरा, रेघा थांबल्यासारख्या दिसल्या की वेग बरोबर; एलईडीखाली बहुधा काही दिसणार नाही.

धुवायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, लेबल कोरडं, वाळवणं सावलीत. ७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. तिला पिनही ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, कूलरच्या झोतापासून लांब. ओल्या हवेत कव्हरं फुगतात, बुरशी धरते.

अ‍ॅम्प्लिफायर? फोनो इनपुट (टर्नटेबल जोडायची खास जागा) असलेला, ३०-४० वॅटचा कुठलाही प्रामाणिक चालेल, दहा बाय बाराच्या खोलीला पुरतो. पन्नास हर्ट्झची घरघर आली तर टर्नटेबलची अर्थ वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या बॉडीच्या स्क्रूला जोडा. महागड्या केबलने ती जात नाही, दुकानदार काहीही सांगो.

दोन गोष्टी मात्र आहेत. सिरॅमिकसाठी केलेली जड टोनआर्म (काट्रिज धरणारा दांडा) दोन ग्रॅमवर नीट चालत नाही. तशी असेल तर दुसरा टर्नटेबल घ्यावा लागेल. आणि झिजलेल्या पिनेने वर्षानुवर्षं घासलेल्या रेकॉर्डमधले वरचे सूर खाचेतूनच गेलेले असतात. तिथे नवी प्रत शोधायची.