ध्यान उठताक्षणी का सुटतं?

प्रश्न : रोज सकाळी २० मिनिटं आनापान (येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहण्याचं ध्यान) करते. बसले असताना बरं वाटतं, पण डबे, कूलर भरणं, ऑफिसची घाई सुरू झाली की सगळं विसरते. दिवसभर सजग कसं राहू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : 'दिवसभर' हा हट्ट आधी सोडा, तो चार दिवसांत थकवतो. धागा बहुधा उठतानाच तुटतो, कारण डोळे उघडताच हात मोबाइलकडे जातो. डोळे उघडून मिनिटभर तसंच बसा, सावकाश उठा, पहिली दहा पावलं तळव्यांना फरशी जाणवू द्या. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या सजगतेवरच्या उपदेशात, चालणं, हात-पाय वाकवणं, जेवणं हे सगळं साधनेतच धरलं आहे.

मग एकच काम निवडा, आठवडाभर तेच. कूलर भरणं उत्तम! हातातला पाइप, पाण्याचा गारवा, टाकी भरत येताना बदलणारा आवाज. मन ऑफिसात पोचलं की फक्त ओळखा आणि हाताकडे परत या. मनात 'मी आता पाणी भरतेय' असं बोलत राहू नका. शब्द आले की स्पर्श निसटतो. ही चूक फार जण करतात.

गाडी चालवताना श्वास बघू नका, लक्ष रस्त्यावरच हवं. व्हरायटी चौकात लाल सिग्नल लागला तर हँडलवरची पकड, जबडा, खांदे तपासा, सैल सोडा. ध्यानाला बसून श्वासाकडे पाहताना कधी घुसमट झाली, तर तो मुद्दाम खोल घेऊ नका. लक्ष पायांच्या तळव्यांवर न्या.