हल्लेखोर कंपनीच्या नेटवर्कमध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर सरकत असेल, तर ते कसे ओळखावे आणि काय करावे?

आपण प्रश्नात दिलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे: सुमारे तीनशे संगणक, विंडोज डोमेन (सर्व संगणक व खाती एका ठिकाणाहून सांभाळणारी व्यवस्था), आयटी विभागात दोघे जण. आठवड्यापूर्वी लेखा विभागातील एका संगणकावर अँटिव्हायरसने पासवर्ड चोरणारे साधन पकडले आणि काढून टाकले. त्यानंतर सर्व काही सुरळीत दिसते आहे. हल्लेखोर तेथेच थांबला की पुढे सरकला हे कसे कळावे, आणि तो सापडल्यास आधी काय करावे, असे आपण विचारले आहे. अशा घटनांचा तपास करणे हेच माझे काम असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

‘सुरळीत दिसते आहे’ यावर कृपया विसंबू नये. अँटिव्हायरसने साधन काढले. त्या साधनाने तोवर मेमरीतून उचललेले पासवर्ड मात्र हल्लेखोराकडेच राहिले. यापुढे त्याला व्हायरसची गरजच नाही. तो आपल्याच कर्मचाऱ्याच्या किंवा अ‍ॅडमिनच्या नावाने लॉगिन करील, आणि आपले अ‍ॅडमिन रोज वापरतात तीच साधने, म्हणजे दूरच्या संगणकावर काम करू देणारी रिमोट डेस्कटॉप, पीएसएक्झेक, डब्ल्यूएमआय आणि पॉवरशेल ही साधने, वापरील. चोर किल्ली घेऊनच आला तर कुलूप तुटलेले दिसत नाही, तसेच हे आहे. म्हणून ‘कोणती फाइल वाईट आहे’ हा प्रश्न आता दुय्यम ठरतो. कोणते खाते, कोणत्या संगणकावरून, कोणत्या संगणकावर गेले, आणि पूर्वी ते कधी तेथे जात होते का, हे तपासावयाचे आहे.

चोरलेल्या पासवर्डांची ताकद किती असते याचा मोठा दाखला म्हणजे २७ जून २०१७ रोजी पसरलेला नॉटपेट्या. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत शिरला. विंडोजमधील ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण पॅच केलेले संगणकही पडले, कारण एका संगणकाच्या मेमरीतून अ‍ॅडमिनची ओळख उचलायची आणि तिच्या जोरावर पुढच्या संगणकावर जायचे, हा दुसरा मार्गही त्याच्याकडे होता. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरातील यंत्रणा कोलमडली आणि आपल्याकडे जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. हे सारे त्या प्रोग्रामने आपोआप केले. माणूस हेच संथपणे आणि आवाज न करता करतो, एवढाच फरक.

आता लॉग, म्हणजे संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदी, कोठे पाहावेत ते सांगतो. लॉगिन यशस्वी झाल्याची नोंद, म्हणजे इव्हेंट ४६२४, ज्या संगणकावर कोणी गेले त्या संगणकावर होते आणि तीत कोठून आले त्याचा आयपी पत्ता बहुधा असतो. लॉगॉन टाइप ३ म्हणजे नेटवर्कवरून, टाइप १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपने. समजा, भांडाराच्या संगणकावर रात्री पावणेतीन वाजता टाइप ३ ची नोंद आहे, खाते बॅकअपचे आहे आणि आयपी पत्ता आहे लेखा विभागातील संगणकाचा. पुढच्याच काही सेकंदांत सिस्टम लॉगमध्ये ७०४५, म्हणजे नवी सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) बसवल्याची नोंद आहे आणि तिचे नाव पीएसएक्झेएसव्हीसी, म्हणजे पीएसएक्झेकची सर्व्हिस, किंवा सात-आठ निरर्थक अक्षरे असे आहे. यातील प्रत्येक नोंद सुटी पाहिली तर कोणाचेही लक्ष जाणार नाही. परंतु बॅकअपचे खाते बॅकअप सर्व्हरवरून निघावयास हवे, ते लेखा विभागातून निघण्याचे काही कारणच नाही. आणि लेखा विभागाच्या संगणकाला भांडाराच्या संगणकावर थेट जाण्याचे काम कधीच पडत नाही. एका कर्मचाऱ्याच्या संगणकावरून दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर होणारे लॉगिन हे माझ्या मते लहान कंपनीतील सर्वांत विश्वासार्ह लक्षण आहे, कारण रोजच्या कामात सर्व वाहतूक संगणकाकडून सर्व्हरकडे जाते, शेजाऱ्याकडे नाही.

याखेरीज चार गोष्टी जरूर पाहाव्यात. नव्या शेड्यूल्ड टास्कची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची, नोंद ४६९८. सिक्युरिटी लॉग पुसल्याची नोंद ११०२, जिला निरागस कारण क्वचितच असते. एकाच संगणकावरून थोड्या वेळात अनेक खात्यांवर फसलेले लॉगिन. आणि डोमेन कंट्रोलरवरील, म्हणजे डोमेनमधील लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवरील, ४७६९ या नोंदी, ज्यांत एकच वापरकर्ता अचानक अनेक सर्व्हिस खात्यांची (माणसांऐवजी प्रोग्राम वापरतात त्या खात्यांची) तिकिटे, म्हणजे प्रवेशाचे डिजिटल परवाने, आरसी४ या जुन्या, कमकुवत एन्क्रिप्शन पद्धतीने मागताना दिसतो. या शेवटच्या प्रकारात तिकिटे बाहेर नेऊन त्यांवरून पासवर्ड निवांतपणे फोडता येतो, आणि सर्व्हिस खात्यांचे पासवर्ड वर्षानुवर्षे बदललेले नसल्यामुळे तो बहुधा फुटतोही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. साध्या विंडोज संगणकावर सिक्युरिटी लॉगची मर्यादा मुळात २० एमबी असते; ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. आपली घटना आठवड्यापूर्वीची असल्याने त्या संगणकाचे, त्याने ज्यांच्याशी संपर्क साधला त्या सर्व्हरचे, डोमेन कंट्रोलरचे, फायरवॉलचे आणि व्हीपीएनचे लॉग आजच दुसरीकडे उतरवून घ्यावेत. विश्लेषण उद्या झाले तरी चालेल.

संशयास्पद वाटलेली प्रत्येक नोंद हल्लाच असते असे नाही. अँटिव्हायरसचा सर्व्हर, स्कॅनर, बॅकअप आणि घाईत असलेला अ‍ॅडमिन हे सर्व हल्लेखोरासारखेच वागतात. अशा वेळी उत्तम उपाय म्हणजे संबंधित माणसाला फोन करून विचारणे. हे सांगताना लोक हसतात. पण २०२० मध्ये सोलरविंड्सच्या सॉफ्टवेअरमार्फत झालेली प्रचंड घुसखोरी उघडकीस आली ती फायरआय या सुरक्षा कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर लॉगिनच्या खातरजमेसाठी दुसरा फोन नोंदवला गेल्याचे दिसले, आणि ‘हा फोन आपणच जोडला का’ असे त्याला विचारल्यावर ‘नाही’ असे उत्तर आले म्हणून.

आता हल्लेखोर खरोखर फिरतो आहे असे दिसले, तर काय करावे? सापडलेला एक संगणक लगेच फॉर्मॅट करून मोकळे होणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे आणि बहुतेक वेळा तोच महागात पडतो. तोवर हल्लेखोराकडे आणखी तीन-चार वाटा तयार असतात. एक बंद झाली की आपण जागे झाल्याचे त्याला कळते आणि तो एकतर दडून बसतो किंवा घाईने नुकसान करतो. म्हणून आधी त्याचा पसारा समजून घ्यावा: कोणती खाती, कोणते संगणक, बाहेरच्या कोणत्या पत्त्यांशी संपर्क. या काळात कंपनीच्या ईमेलवर किंवा चॅटवर या विषयाची चर्चा करू नये, कारण हल्लेखोर ते वाचत असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. संशयित संगणकावर डोमेन अ‍ॅडमिनच्या खात्याने कदापि लॉगिन करू नये. तसे करणे म्हणजे त्याला हवी असलेली सर्वांत मौल्यवान ओळख आपण होऊन त्या मेमरीत ठेवून येणे. संगणक वेगळा करणे भाग पडले तर नेटवर्क केबल काढावी, वाय-फाय तोडावे, पण वीज बंद करू नये, कारण मेमरीतील पुरावा विजेबरोबर जातो.

या सबुरीला एक अपवाद आहे आणि तो ठळकपणे लक्षात ठेवावा. फाइली एन्क्रिप्ट होऊ लागल्या, शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) पुसल्या जाऊ लागल्या, बॅकअपला हात लागला किंवा पैशांचे व्यवहार होताना दिसले, तर पुरावा व अभ्यास बाजूला ठेवून तत्क्षणी जोडण्या तोडाव्यात. हा निर्णय रात्री कोणी घ्यावा हे आधीच लेखी ठरलेले असावे, कारण असे प्रकार बहुधा सुटीच्या तोंडावर होतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातील बहुतांश रक्कम देशोदेशींच्या एटीएममधून ११ ऑगस्टला, शनिवारी, काढली गेली होती. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तोडलेली असावी हे तर सांगावयासच नको. मर्स्कला आपले डोमेन पुन्हा उभे करता आले ते घानामधील एकमेव डोमेन कंट्रोलर वीज गेल्यामुळे त्या वेळी बंद होता म्हणून. नशिबावर एवढे सोपवू नये.

पसारा कळला की हकालपट्टी एकाच बैठकीत, शक्य तो एका रात्रीत उरकावी. इंटरनेटची वाट तात्पुरती बंद करून सर्व बाधित खाती बंद करावीत, अ‍ॅडमिन व सर्व्हिस खात्यांचे पासवर्ड बदलावेत, व्हीपीएन आणि क्लाउडमधील चालू सत्रे रद्द करावीत आणि बाधित संगणक साफ न करता नव्याने उभारावेत. डोमेन कंट्रोलरपर्यंत तो पोहोचला असल्यास केआरबीटीजीटी खात्याचा, म्हणजे डोमेनमधील सर्व तिकिटे ज्याच्या जोरावर दिली जातात त्या अंतर्गत खात्याचा, पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण मागचा एक पासवर्डही विंडोज मान्य करीत असते. पहिला बदल सर्व कंट्रोलरांपर्यंत पोहोचल्याची खात्री करूनच दुसरा करावा.

कायद्याचेही भान असावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. सहा तासांत पूर्ण चित्र कोणाकडेच नसते. जेवढे ठाऊक आहे तेवढे कळवावे, तपशील मागाहून देता येतो.

आपल्यासारख्या लहान विभागाने पैसे खर्च करण्याआधी दोन कामे करावीत, दोन्ही फुकट होतात. विंडोज फायरवॉलने कर्मचाऱ्यांच्या संगणकांनी एकमेकांच्या ४४५ (फाइल शेअरिंग) आणि ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या दारांवर, जाणे बंद करावे, आणि लॅप्स हे मायक्रोसॉफ्टचे साधन वापरून प्रत्येक संगणकाच्या स्थानिक अ‍ॅडमिनला वेगळा पासवर्ड द्यावा. सर्वत्र एकच स्थानिक पासवर्ड असेल तर एक संगणक गेला म्हणजे तीनशे गेले. जमल्यास ‘एसक्यूएल-अ‍ॅडमिन’ अशा मोहक नावाचे, कोणीही वापरत नसलेले एक खाते तयार करून ठेवावे. त्यावर लॉगिनचा प्रयत्न झाल्याबरोबर मोबाइलवर अलर्ट यावा.

हकालपट्टीनंतर निदान काही आठवडे बंद केलेल्या खात्यांवरील फसलेले प्रयत्न रोज पाहावेत. जुन्या नावाने आणि जुन्या पासवर्डने आतल्याच एखाद्या आयपी पत्त्यावरून प्रयत्न येत असतील, तर तो संगणक आपल्या यादीतून सुटला आहे किंवा तेथे एखादी विसरलेली सर्व्हिस चालू आहे. यांपैकी कोणते, हे त्या संगणकाशी जाऊनच ठरवावे लागेल.